नाहरघाटची अंगठी

सुभेदारानं अंगठी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी गाढवासारखा तिचा कस बघायला लागलो.

सवय, दुसरं काय! आम्हा गलाईवाल्यांच्या हातात कुणी सोनं ठेवलं की डोकं बाजूला राहतं आणि हात आपले कामाला लागतात. कसोटीचा दगड पुढ्यात होताच. अंगठी त्यावर घासली, रेघेवर तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब सोडला, अंगठी उलटी करून सांधा निरखला आणि मोठ्या फुशारकीनं बोलून गेलो, "हे इथलंच काम. सांध्याचा डाख नाहरघाटच्या सोनाराचा आहे."

बोलून झाल्यावर मग मी अंगठी नीट बघितली. वरच्या बाजूला नखाएवढी जापी कोरलेली होती. जापी म्हणजे तिकडची बांबूची रुंद टोपी. अशी अंगठी त्या गावात एकच होती, आणि तिचं सोनं मीच गाळून दिलं होतं.

"इथलंच म्हंजी?" सुभेदार पुढं सरकला. "ह्याच गावातलं?"

मी अंगठी मुठीत झाकली.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. गावाचं नाव नाहरघाट समजा. खरं नाव मी सांगणार नाही, तिथं माझी माणसं अजून आहेत. वरच्या आसामात, चहाच्या मळ्यांच्या मधोमध वसलेलं गाव. आम्ही विट्याकडची माणसं. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, हा आमचा धंदा, आणि त्यापायी आमची माणसं देशभर जाऊन पडलेली. मी आणि माझे दाजी रंगराव, म्हणजे आमच्या सुलोचनाआक्काचे मालक, असे दोघं नाहरघाटला जाऊन पडलो होतो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा.

तिथल्या पोरांनी त्या काळात बंदूक उचलली होती. आसाम हिंदुस्थानातनं वेगळा काढायचा, स्वतंत्र देश करायचा. तेल आमचं, चहा आमचा, मग मलई दिल्लीनं का खायची, हा त्यांचा सवाल. सवाल काही खोटा नव्हता. पण सवाल विचारता विचारता पोरं माणसं मारायला लागली, आणि मग लष्कर आलं. रस्त्यारस्त्यावर तपासणी, घराघरात झडती. पोरांची भीती होतीच, आता वर्दीचीही भर पडली. आम्ही परमुलखातले, आमची अवस्था इकडं आड तिकडं विहीर.

आमचं दुकान निर्मली चेतिया नावाच्या बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. नवरा वारलेला. मी तिला माही म्हणायचो, माही म्हणजे मावशी. तिच्या तोंडी माझ्या संपतचं 'होम्पोत' व्हायचं. पहिल्या पावसाळ्यात मला कावीळ झाली, तर या बाईनं एकवीस दिवस मला मुलासारखं सांभाळलं. दोन मुलं तिला, जुरी आणि मृगेन. मृगेन मॅट्रिक झाला तेव्हा माहीनं आपली कानातली मला गाळायला दिली आणि लोहित सोनाराकडनं त्याला अंगठी करून घातली. मोठं हसरं पोरगं. मला 'होम्पोत-दा' म्हणायचा, दा म्हणजे दादा. "दा, आमचा देश झाला की तुला इथं यायला पासपोर्ट लागेल," असं चिडवायचा. मी म्हणायचो, "तुझी आई मला भात वाढतीय तोवर मला पासपोर्ट कशाला?" एके दिवशी तो घर सोडून त्या बंदूकवाल्या पोरांत गेला. माही सगळ्यांना सांगायची, मृगेन गुवाहाटीला छापखान्यात लागलाय. ऐकणारे माना डोलवायचे. कोण काय बोलणार?

आणि आता दोन वर्षांनी त्याची अंगठी माझ्या हातात होती.

"दोन-तीन सोनार आहेत इथं," मी सावरासावर केली. "त्यातलं कुणाचं काम, ते सांगता येत नाही."

"संपत, हिकडं बघ," सुभेदार म्हणाला. त्याचं नाव काळेल, गाव माण तालुक्यात. "तुझा मुलूख आन् माझा मुलूख, मधी एक डोंगुर. म्हणून तर कॅप्टनसायबानं मला धाडलं. दुसरा कुणी आला असता तर तो असा च्या पीत बसला नसता."

"ते खरं आहे, सुभेदारसाहेब."

"काका म्हण. तर ऐक. मंगळवारी नदीच्या पुलाखाली एक पोरगं घावलं. चकमकीतनं पळताना गोळी लागली आसंल. चार दिस पाण्यात व्हतं, तोंडाचं काय ऱ्हायलं न्हाय. बोटात ही अंगठी. नाव कळलं की घर कळतं. घर कळलं की बाकीची टोळी कळती."

"आणि आमचे दाजी?"

"सकाळधरनं तळावर बसवून ठेवल्यात. तेजाबाचे दोन कॅन घेऊन स्टेशनावरनं येत व्हते. सायेब म्हणतो, ह्यो बाँबचा माल. मी म्हणतो, सायेब, ह्यो आमच्याकडचा गलाईवाला. सायेब म्हणतो, आसंल तर मग आपल्या उपयोगी पडू दे. तू त्या पोराचं नाव दे, दिस मावळायच्या आत दाजी घरी."

"आणि नाही देता आलं तर?"

त्यानं कपातला चहा संपवला. "तर उद्या त्यांना मोठ्या तळावर धाडतील. तितं माझं कोण ऐकतंय?"

मोठ्या तळावर गेलेली तीन माणसं मला माहीत होती. दोघं परत आले. तिसऱ्याची बायको अजून रोज फाटकाशी जाऊन उभी राहत होती.

खरं सांगतो, नाव माझ्या जिभेवर आलं होतं. डोळ्यांपुढं आक्का उभी राहिली, तिच्या कपाळाचं कुंकू दिसलं, तिची दोन पोरं दिसली. मृगेन तर मेलाच होता. मेलेल्याचं नाव सांगितलं तर त्याचं काय जाणार होतं? पण नावाबरोबर घर जाणार होतं. महिन्यापूर्वी पलीकडच्या गावात असंच एका पोराचं नाव लागलं, तर त्याच्या बापाला आणि भावाला नेलं. भाऊ परत आला तो खुळा होऊन. मृगेनच्या घरात कोण होतं? एक विधवा बाई आणि एकोणीस वर्षांची जुरी. आणि भिंतीपलीकडं माहीच्या मागाचा आवाज येत होता, खटखट, खटखट. ती गमछा विणत बसली होती. सुभेदार माझ्या पुढ्यात बसलाय तो तिच्या पोराच्या मरणाची खूण घेऊन, हे तिला काय ठाऊक!

"सोनं कुणाच्या घरचं, ते आम्हाला कसं कळणार, काका?" मी म्हणालो. "आमच्याकडं येतं ते गाळायला येतं."

"तुझ्या हाताला कंप का सुटलाय मग?"

"दाजींच्या काळजीनं."

"व्हय?" तो उठला. "बरं, तू नगो सांगू. लोहित सोनाराची पाटी वाचलीया मी येताना. चल, त्येच्या म्होरं ठेवू ही अंगठी. डाख हितलाच, हे तर तूच सांगितलंस न्हवं?"

माझीच फुशारकी माझ्या गळ्यात आली. लोहित सोनार साधा भोळा माणूस. हिरवी वर्दी दिसली की त्याची बोबडी वळायची. तो अंगठी बघताक्षणी नाव सांगून मोकळा झाला असता.

सुभेदार दाराकडं वळला आणि बाहेरच्या जवानाला ओरडून म्हणाला, "गाडी वळव रं!"

भट्टीवर मूस होती आणि मुशीत आमचीच चांदी पातळ होऊन हलत होती. सोनं शुद्ध करायला त्यात तिप्पट चांदी मिसळावी लागते, म्हणून ती सकाळपासून तापत ठेवलेली. मी फार मोठा विचार केला, असं म्हणणार नाही. मी हात पुढं केला आणि अंगठी मुशीत सोडली. वर चिमूटभर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकली आणि सळईनं ढवळलं. जापी क्षणभर दिसली, मग दिसेनाशी झाली.

"आण ती हिकडं," सुभेदार वळून म्हणाला.

"मुशीत गेली, काका."

"काय?"

"मुशीत गेली."

तो धावत भट्टीपाशी आला. आत वाकून बघितलं. "काढ! काढ म्हंतो ती!"

"आता नाही निघत. आता ती अंगठी राहिली नाही."

त्यानं अशी मुस्काटात दिली की मी कोळशाच्या पाटीवर जाऊन पडलो. कान झणझणला. दारातला जवान बंदूक सरसावून आत आला. पलीकडचा माग थांबला. "होम्पोत! काय झालं रे?" माहीनं भिंतीआडनं विचारलं.

"काही नाही, माही! पाटी पडली!" मी ओरडून सांगितलं. तोंडात रक्ताची चव होती. माग पुन्हा सुरू झाला.

सुभेदारानं माझी गचांडी धरली. आवाज मात्र खाली आणला. "आता सायबाला काय दावू रं भाड्या? तुझं टाळकं? दाजीचा तरी इचार केलास का न्हाय?"

"सोनं दाखवा साहेबाला. अंगठीचं सोनं वेगळं काढून देतो, अर्धा तास द्या."

त्यानं जवानाला बाहेर घालवलं आणि उंबऱ्यावर बसला. मी मुशीतला रस पाण्यात ओतला, त्याचे दाणे झाले. दाणे काचेच्या चंबूत घातले, वर बाटलीतलं उरलेलं तेजाब सोडलं आणि चंबू निखाऱ्यावर ठेवला. तांबडा-पिवळा धूर उठला. सुभेदार खोकत खोकत बाहेर गेला, नाकाला रुमाल लावून परत आला. चांदी विरघळून गेली आणि तळाशी तपकिरी भुकटी उरली, चहाच्या चोथ्यासारखी. मी ती धुतली, वाळवली आणि कागदावर त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे सोनं?"

"हे सोनं. पुन्हा तापवलं की पिवळं होतं."

तो भुकटीकडं बघत राहिला. मग चंबूकडं बघितलं, रिकाम्या बाटलीकडं बघितलं.

"ह्यासाठी लागतं व्हय तेजाब?"

"ह्याच्यासाठीच."

"दुसरं कशाला लागतं ते मला सांगू नगं." कागदाची पुडी बांधून त्यानं खिशात घातली. "कुणाची व्हती?"

"मला माहीत नाही, काका."

"म्हाईत न्हाय म्हणून गाळलीस, व्हय ना? विट्या-खानापूरची माणसं मुलखाची बेरकी, आमचा बा सांगायचा त्ये काय खोटं न्हवं." तो उठला. "सायबाला सांगतो, माणसं खरी गलाईवाली हायती, तेजाबाचं काम मी डोळ्यांनी बघितलं. पर पोरगं येडं हाय. अंगठी तपासाय दिली तर गाळून बसलं. शिव्या मी खाईन. पाच वाजता फाटकापाशी ये दाजीला न्यायला. आन् संपत, पुन्यांदा माझ्या म्होरं येऊ नगं. आलास तर मला इचारावं लागंल."

तो पायरी उतरला तेव्हा मला राहवलं नाही. "काका, त्या पोराचं काय केलं?"

"सकाळी जाळलं. बेवारशी." आणि तो गाडीत बसला.

पाच वाजता दाजी फाटकातनं बाहेर आले. लंगडत होते, आणि डावा कान त्या दिवसापासून कायमचा गेला. घरापाशी आल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो.

माहीनं आमच्यासाठी भात आणि माशाचं आंबट कालवण करून आणलं. दाजींना स्वतःच्या हातानं वाढलं. "देवानं तुझ्या बहिणीचं ऐकलं रे, होम्पोत," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आमच्या आनंदानं! मग माझ्या पानात मासा वाढता वाढता हळूच म्हणाली, "एक सांगू? सगळ्या मुलखाचं सोनं तुमच्याकडं येतं. कधी मृगेनची अंगठी आली, तर गाळू नको हं. बाजूला काढून ठेव. काय समजायचं ते मी समजेन."

मी म्हणालो, "बरं, माही."



दाजी त्याच महिन्यात गावी गेले, ते परत आले नाहीत. मी सात वर्षं राहिलो. दरवर्षी बिहूच्या सणाला माही नवा गमछा माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "आली का रे?" मी म्हणायचो, "नाही आली." ती खूश व्हायची. नाही आली म्हणजे पोरगा जिवंत! पुढं पोरं शस्त्रं टाकून घरी यायला लागली. दहा-वीस जणांची तुकडी आली असं कळलं की माही पहाटे उठून डोकं विंचरून जायची, एकेकाचं तोंड बघायची आणि दुपारी परत यायची. जुरीला दोन चांगली स्थळं आली. माहीनं परतवली. भाऊ आल्याशिवाय बहिणीचं लग्न कसं करायचं, म्हणाली. जुरी सव्वीस वर्षांची झाली. दर खेपेला सांगू म्हणायचो आणि दर खेपेला शेपूट घालायचो. भित्रा होतो, दुसरं काय.

शेवटी मीही दुकान आवरलं. निघायच्या दिवशी बस अकराची होती. माही मागावर बसली होती, माझ्यासाठीचा गमछा पुरा करत. मी पाया पडलो.

"गावी गेलास तरी लक्ष ठेव," ती म्हणाली. "तुमची माणसं सगळीकडं असतात. अंगठी दिसली तर..."

"माही, ती आली होती."

माग थांबला. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पूल सांगितला, सुभेदार सांगितला, मूस सांगितली. जाळलं तेही सांगितलं.

"कधी?" तिनं विचारलं.

"दाजींना सोडलं, त्याच दिवशी."

"म्हणजे मी तुला मासा वाढत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो." मला तिच्याकडं बघवेना. "घर वाचावं म्हणून केलं, माही. तुला आणि जुरीला नेलं असतं."

"नेलं असतं तर आम्हाला नेलं असतं! घर माझं होतं. पोरगा माझा होता." तिचा आवाज चढला नाही, पण हात मागाच्या दांडीवर आवळले होते. "त्या लोकांनी त्याला देश करायला नेलं, मला विचारलं नाही. या लोकांनी त्याला जाळलं, मला विचारलं नाही. आणि तू? माझ्या हातचं जेवत होतास रे तू. गाळायच्या आधी मालकाला विचारता ना तुम्ही?"

"विचारतो."

"मग?"

मग काय! दाजी वाचले, जुरी वाचली, माही वाचली, हे सगळं खरं. पण सात वर्षं त्या बाईला मी मेलेल्या पोराची वाट बघायला लावली, हेही तेवढंच खरं.

ती उठली. स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाली, "जुरी, चूल विझव. आज भात शिजवायचा नाही." जुरी दारात आली, आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि खांबाला धरून मटकन खाली बसली. माही घरामागच्या तळ्याकडं गेली. फेब्रुवारीचं गार पाणी. मी ओसरीवर बसून राहिलो. पाण्याचा आवाज येत होता. रडण्याचा येत नव्हता. माझी बस हॉर्न वाजवत निघून गेली.

बऱ्याच वेळानं ती ओल्या अंगानं, ओल्या केसांनी परत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, निघ माझ्या घरातनं.

"बसलास काय?" ती म्हणाली. "ऊठ. तूही आंघोळ कर. तुला दा म्हणायचा तो."

मी उठलो आणि तळ्याकडं गेलो.